मेरिनच्या नावाने हजेरी

विराबिला
१४ जुलै

प्रिय मेरिन,

दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. पाकिटावर आईचं अक्षर दिसलं की आधी वाटतं कुणाला तरी पुरायला जायचंय, असं तूच एकदा म्हणाली होतीस, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकते. बाबा ठणठणीत आहे, डावा गुडघा सोडला तर. लोकर कातरणारे गेल्या आठवड्यात परत गेले आणि जाताना माझे निम्मे कप फोडून गेले. कुत्री व्यायली, पाच पिल्लं झाली. फोनच केला असता, पण अकरा आठवडे झाले, तू फोनवर "हं" नि "बरं"च्या पुढे जात नाहीस. तुझ्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते. शिवाय फोनवर मला खरं बोलता येत नाही, हे आता माझ्या चांगलंच लक्षात आलंय. डॉक्टर ब्रॅमलींशी मी फोनवरच बोलले होते. तुझी तपासणी फसली ती त्या फोनमुळे, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

चौदा महिने वाट पाहून तू त्या बाईंची वेळ मिळवलीस. ऑटिझम आणि लक्ष टिकू न देणारं ते एडीएचडी, दोन्ही तुझ्यात एकत्र आहेत का, ते बघायला. तू मला हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा माझे हात चहाबरोबरच्या स्कोन-पावांच्या पिठात होते, फोन बरणीला टेकवून ठेवला होता. तू म्हणालीस, "आई, माझ्यात दोन बायका राहतात गं. एकीला रोज सगळं तस्संच लागतं, कप जागचा हलला तरी तिला रडू येतं. दुसरीला तेच तेच झालं की जीव नकोसा होतो, ती उठते नि नोकरी सोडून घरी येते. दोघींची भांडणं सोडवण्यात माझा दिवस जातो." आणि मी काय म्हणाले? "सगळ्यांचंच तसं असतं गं." मग हळूच म्हणालीस की बारा वर्षांच्या आतलं लहानपण पाहिलेलं माणूस त्या डॉक्टरांना लागतं, तर तू बोलशील का त्यांच्याशी. मी म्हटलं, न बोलायला काय झालं.

तू मागितलीस म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकंही पाठवली. सहा वर्षांची सहा, प्लास्टिकच्या कव्हरांत, वर्षवार लावून. पाठवताना छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू. "मेरिनचं काम नेहमी पूर्ण आणि स्वच्छ असतं." "मेरिन रेडिओच्या तासाला वेळेवर हजर असते, लक्ष देऊन उत्तरं देते." मग एके मंगळवारी सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी केस विंचरून, चांगला ब्लाउज घालून बसले होते, जशा काही त्या फोनमधून मला बघणार होत्या. कामं अर्धवट सोडायची का? छे हो. वस्तू हरवायची? कुणाची मुलं नाही हरवत? आवाजाचा, कपड्यांचा, खाण्याचा काही त्रास? आमच्याकडे ताटात पडेल ते खायची पद्धत होती. अचानक ओरडून, रडून कोसळायची? कोण, मेरिन? फार शहाणं बाळ होतं हो. त्यांनी मला दोनदा संधी दिली. म्हणाल्या, "मिसेस ट्रेलोर, सावकाश आठवा, इथे कुणाला नापास करायचं नाहीये." मी म्हणाले, "त्यात आठवायचं काय? शाळेनं लिहून दिलंय ना." फोन ठेवला तेव्हा बाबा दारात बूट काढत होता. त्यानं विचारलं, "ती पाण्याच्या टाकीखाली दिवस दिवस बसून राहायची, ते सांगितलंस का?" मी म्हटलं, "तू आधी पाय पूस."

एप्रिलच्या शेवटी तुझा फोन आला. लहानपणी लक्षणं आढळली नाहीत, दोन्हींसाठी ती लागतात, म्हणून दोन्ही नाहीत. तू म्हणालीस, "चला, सेहेचाळिसाव्या वर्षी एकदाचं ठरलं. मी आळशी आहे. लहानपणी सगळं नीट होतं, पुढे माझी मीच वाट लावून घेतली." आणि हसलीस. ते हसणं माझ्या कानातून जात नाही, मेरिन. आणि त्यावर मला सुचलं काय, तर "अगं, तू किती हुशार आहेस!" तुझ्या सगळ्या जन्मात मी तुला ते एकच औषध देत आले, प्रत्येक दुखण्यावर. नीट नव्हतं गं काही. पहिल्यापासून नव्हतं, आणि मला सगळं माहीत होतं.

तू तीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. आणि बोललीस ती एकदम, जेवणाच्या टेबलाखालून, "हा पंखा आज वेगळं बोलतोय." बाबानं उठून बघितलं तर खरंच पंख्याचा एक स्क्रू ढिला झाला होता. आम्ही किती कौतुक केलं! टेबलाखाली का बसली आहेस हे मात्र विचारलं नाही. किटलीची शिट्टी झाली की तू दोन्ही कान दाबून तिथे शिरायचीस आणि तोंडानं एकच सूर धरायचीस, शिट्टी थांबल्यावरसुद्धा पाऊण पाऊण तास. मोज्याची शिवण बोटाला लागली की मोजे काढून फेकायचीस. पाच वर्षांची असताना सात महिने तू उकडलेला बटाटा आणि मीठ याशिवाय काही खाल्लं नाहीस. आणि मी त्या बाईंना सांगते, ताटात पडेल ते खायची! बटाट्यावर मटणाचा रस्सा सांडला म्हणून तू जमिनीवर पडून इतकी किंचाळलीस की मेंढ्या हाकायला आलेली माणसं बाहेर चहाचे मग हातात धरून उभी राहिली. मी लाजून चूर झाले. तुला पाठीत धपाटा घातला. पुढे तू किंचाळायची थांबलीस. मी समजले वळण लागलं.

मग शाळा. जवळची शाळा दोन तासांवर, म्हणून आपल्याकडची रेडिओवरची शाळा म्हणजे काय, ते तू विसरणं शक्य नाही, पण मी काय केलं ते नीट कळावं म्हणून लिहिते. सकाळी साडेनऊला रेडिओच्या खोलीत बसायचं, पलीकडून बाई एकेका मुलाचं नाव घेणार, आपण बटण दाबून "हजर, बाई" म्हणायचं, मग प्रश्न, मग उत्तर. बाकीचा दिवस आईनं शिकवायचं, पंधरा दिवसांचा अभ्यास लिफाफ्यात भरून शुक्रवारच्या टपालाच्या ट्रकनं पाठवायचा. रेडिओची खरखर तुला सहन व्हायची नाही. सुरू केला की तू खुर्चीतून घसरायचीस. आणि बटण मात्र तुला भारी आवडायचं. एकदा ते हातात आलं की सोडायची नाहीस, आणि एका वेळी एकालाच बोलता येत असल्यानं तू दाबून धरलंस की साऱ्या इलाख्यातल्या मुलांचे आवाज बंद. पहिल्याच आठवड्यात मला रेडिओवरूनच दोनदा निरोप आला, मिसेस ट्रेलोर, कृपा करून मुलीकडे लक्ष द्या.

ते सगळ्यांनी ऐकलं, ही खरी गोष्ट. दुपारी त्याच रेडिओवर बायकांचा गप्पांचा तास असायचा. या टोकाला शिंकलं की त्या टोकाला ऐकू जायचं. रोमा हिक्सनं त्याच दुपारी विचारलं, "ग्लेनिस, तुझ्या लेकीला बटण भारी आवडतं म्हणे! आणि बोलायची वेळ आली की मूग गिळून बसते का गं?" आठ-दहा घरांमधून बायका हसल्या. गावात मूल मागे पडलं तर शाळेला नावं ठेवता येतात. इथे शाळा म्हणजे मी. आई शिकवते आणि आईचंच मूल वाया जातं, असं कुणी म्हणायला नको होतं मला. मी नववीतून शाळा सोडलेली, हे रोमाला ठाऊक होतं.

दुसऱ्या सोमवारी बाईंनी तुझं नाव घेतलं. खुर्ची रिकामी. खिडकीतून बघते तर तू टाकीखाली, टाकीच्या पत्र्यावरचे रिव्हेट मोजत. पुन्हा नाव घेतलं, "मेरिन ट्रेलोर? मेरिन, ऐकू येतंय का?" आणि मी बटण दाबून, आवाज बारीक करून म्हणाले, "हजर, बाई." हो. मीच. चौतीस वर्षांची घोडी, पोरीचा आवाज काढून. त्या खरखरीत कुणाला कळणार? बाईंनी विचारलं, सात आणि पाच किती. मी जरा थांबले, मुलं थांबतात तशी, आणि म्हणाले, "बारा, बाई." "शाब्बास, मेरिन." तुला सांगू? मला आनंद झाला. मला शाळेत कधी कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. त्या वर्षी मी आठवड्यातून एकदा तुझ्या नावाने हजेरी दिली. दुसरीत गेलीस तोवर जवळजवळ रोज. "लक्ष देऊन उत्तरं देते" असं जे प्रगतिपुस्तकात आहे ना, ती मी आहे.

आणि वह्या. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. तू अभ्यास करायची नाहीस असं नाही. पहिलं गणित सोडवायचीस, आणि मग त्याच कागदावर पवनचक्की काढायचीस, एकूण एक पातं, एकूण एक नटबोल्ट, प्रत्येकाला आकडा. "माझे आवडते पाळीव प्राणी, पाच ओळी" असं आलं तर तू मुंग्यांवर तीन पानं लिहायचीस, आणि अक्षर असं की कुठली ओळ कुठे संपते कळू नये. नाहीतर कागदच सापडायचा नाही. मी ओरडायचे, समजवायचे, तुला खुर्चीला कमरेच्या पट्ट्यानं बांधलंसुद्धा आहे एकदा, तेही लिहून ठेवते. तू हुंदके देत पेन्सिल धरायचीस आणि अर्ध्या तासात चार अक्षरं व्हायची. शेवटी शुक्रवारी ट्रक यायच्या आत मी कोरा कागद घेऊन डाव्या हातानं सगळं लिहून काढायचे. डाव्या हाताचं अक्षर लहान मुलासारखं येतं. एखादी चूक मुद्दाम ठेवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं माझं सहा वर्षं चाललं. आणि तुझे खरे कागद मी चुलीत घातले. पवनचक्क्या, मुंग्या, सगळं. एकही ठेवला नाही, कारण कुणाच्या हाती लागले तर काय, ही भीती. आज त्यातला एक जरी असता तरी डॉक्टरांना तो पुरला असता.

तुला ती फीत आठवते का, मला माहीत नाही. मी विचारायला धजले नाही कधी. गावात मुलांचा वार्षिक मेळावा होता, तू आठ वर्षांची. सगळ्यात स्वच्छ वहीचं बक्षीस तुला. निळी फीत. तू पुढे गेलीस, बाईंनी वही उघडून सगळ्यांना दाखवली, आणि तू मोठ्यानं म्हणालीस, "ही माझी नाही." सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "लाजतेय हो." रोमाही टाळ्या वाजवत होती. परतीची वाट दोन तासांची. फाटक उघडायला उतरलीस आणि तिथून विचारलंस, "मग माझी वही कुठे जाते?" मी म्हणाले, "लवकर फाटक लाव, मेंढ्या येतील बाहेर." त्यानंतर तू कागदावर पवनचक्की काढली नाहीस. तू काहीच काढलं नाहीस. कोरे कागद माझ्यासमोर आणून ठेवायचीस आणि निघून जायचीस. मला सोपं गेलं, असं तेव्हा वाटलं होतं.

आता जे लिहिते ते बाबालाही परवापर्यंत माहीत नव्हतं. पुढल्या वर्षी तुझ्या रेडिओवरच्या शिक्षिका, पेंगली बाई, भेटीला आल्या, दोन दिवस राहिल्या. ती बाई मूर्ख नव्हती. एका सकाळी तिनं तुला शेजारी बसवून फळ्यावर गणित घातलं आणि तुझ्याकडे बघत राहिली. दुपारी व्हरांड्यात मी मटार सोलत होते, ती येऊन सोलायला बसली. म्हणाली, "ग्लेनिस, अ‍ॅडलेडला लहान मुलांच्या एक डॉक्टर आहेत. वेगळ्या तऱ्हेनं विचार करणारी मुलं त्या बघतात. मेरिन हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती फार त्रासात आहे असं मला वाटतं. मी चिठ्ठी देते, तुम्ही घेऊन जा." १९८७ साल, मेरिन. तू नऊ वर्षांची. आणि मी काय केलं असेन? मी उठले, तुझी निळी फीत आणून तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "त्रासात असलेल्या मुलीला ही मिळते का हो?" ती फितीकडे बघत राहिली. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं. तिनं विचारलं, "ग्लेनिस, तुम्हाला मदत हवी आहे का?" मी म्हणाले, "माझ्या मुलीला काही झालेलं नाही, आणि पुन्हा हा विषय माझ्या घरात नको." तेव्हा "तसलं" मूल म्हटलं की शहरातल्या संस्थेत ठेवतात, एवढंच मला ठाऊक होतं. तुला घेऊन जातील ही भीती खरी होती. पण ती सगळी भीती नव्हती. निम्मा माझा तोरा होता, हे आज कबूल करते.

बाराव्या वर्षी तुला अ‍ॅडलेडच्या वसतिगृहात सोडलं, आणि तिथे डाव्या हातानं लिहायला मी नव्हते. पहिल्याच सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं. "निष्काळजी. उद्धट. आधीच्या शाळेतलं काम पाहता ही मुलगी जाणूनबुजून आळस करते असं दिसतं." आधीच्या शाळेतलं काम! मी ते वाक्य स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. एक फोन करायचा होता फक्त. तिकडच्या मुख्याध्यापिकेला सांगायचं होतं, ते काम तिचं नव्हतं हो, माझं होतं. नाही केला. त्याऐवजी तुला पत्र लिहिलं, की तुला येतं सगळं, मनावर घे. तीन वर्षं तू तिथे काढलीस, दर सहामाहीला तोच शेरा घेऊन, आणि पंधराव्या वर्षी बॅग न घेताच घरी आलीस. मग त्या सतरा नोकऱ्या, ते अर्धवट अभ्यासक्रम, संसार सोडून गॅरेथ निघून गेला ते. दर वेळी तू म्हणायचीस, "मला का जमत नाही, आई? लहानपणी तर जमत होतं." दर वेळी. आणि मी माझं तेच औषध पुढे करायचे.

परवा बाबाला सगळं सांगितलं. तो पिल्लांच्या खोक्यापाशी बसला होता. मला वाटलं चिडेल, चार शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं एक पिल्लू उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "आपल्या मेंढ्यांमधली प्रत्येक मेंढी ती तोंडावरून ओळखायची. दोन हजार मेंढ्या. मला आयुष्यात जमलं नाही ते. तेवढं तरी कुणाला सांगितलंस का?" मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "मग आता सांग. आणि माझ्याशी चार दिवस बोलू नकोस." आज तिसरा दिवस आहे. जेवायला येतो, "मीठ दे" एवढंच म्हणतो. तू तुझ्या बापावर गेली आहेस असं मी तुला टोमण्यानं म्हणायचे ना, डॉक्टरांनी फोनआधी पाठवलेली प्रश्नावली वाचून तो स्वतः तेव्हाच म्हणाला होता, "यातलं निम्मं माझंच आहे." पण त्याला मेंढ्या होत्या, मोकळं रान होतं, आणि त्याच्या नावानं खोटं लिहिणारं कोणी नव्हतं.

सोमवारी मी स्वतः डॉक्टर ब्रॅमलींना फोन केला. पहिल्या वाक्यातच सांगितलं की मी खोटं बोलले होते. त्यांनी मला तिथेच थांबवलं. "मिसेस ट्रेलोर, मेरिनच्या परवानगीवाचून मी तुमच्याकडून आता काही ऐकून घेऊ शकत नाही. तुम्ही जे पाहिलंत ते लिहून काढा, सही करा आणि तिला द्या. तिनं ते माझ्याकडे आणलं तर मी पुन्हा पहिल्यापासून बघेन." म्हणून हे पत्र लिहिलं, आणि म्हणूनच वय, साल, बटाटे, मोजे सगळं तपशिलानं लिहिलं, तुला वाचायला जड गेलं असेल तरी. खरे कागद जळले, आता पुरावा म्हणून माझी जबानी आहे, ती एवढीच. ही जबानी आधी तुझ्या हातात, कारण लहानपण तुझं आहे. परक्या माणसानं वाचू नये असं काही वाटलं तर खोडून टाक. माझ्याबद्दलचं एक अक्षरही खोडू नकोस. त्यांच्याकडे न्यायचंच नसेल तर नको नेऊस, पुन्हा त्या दारात जायची तुला इच्छा नसेल तर मी कुठल्या तोंडानं म्हणू जा म्हणून. माफी मागत नाही, कारण मागितली तर तू "बरं" म्हणशील आणि मी सुटेन. फक्त एवढं ऐक. तू आळशी नव्हतीस, एक दिवससुद्धा नव्हतीस. पाच वर्षांची असल्यापासून तू त्या खुर्चीत जीव तोडून प्रयत्न करत होतीस, रडत रडत पेन्सिल धरत होतीस, आणि ते रोज समोर बसून पाहणारं माणूस साऱ्या जगात एकच होतं. त्याला विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, मला काही दिसलं नाही.

तुझीच आई,
ग्लेनिस मे ट्रेलोर
(सही पूर्ण नावानं हवी, असं त्या म्हणाल्या.)